जर्मन शेफर्ड आणि बॉर्डर कोली यांचा संकर: स्वभाव, निगा आणि आरोग्य

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे ११ महिन्यांचा नर कुत्रा आहे. त्याची आई बॉर्डर कोली आणि बाप जर्मन शेफर्ड असून वजन २७ किलो आहे. रोज सकाळी दोन तास फिरवून आणि संध्याकाळी तासभर चेंडू फेकूनही तो घरात स्वस्थ बसत नाही, धावणाऱ्या मुलांच्या टाचांना तोंड लावतो आणि सायकल दिसली की तिच्यामागे सुटतो. त्याचा स्वभाव असाच राहणार का, त्याची निगा कशी राखावी, पुढे कोणते आजार संभवतात आणि निर्बीजीकरण लगेच करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या एका ओळीत आपण असेही लिहिले आहे की गेल्या काही आठवड्यांपासून तो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो आणि गाडीत उडी मारण्यापूर्वी थबकतो.

आपण जी ओळ शेवटी लिहिली, ती मी सर्वांत आधी वाचली. काम करणाऱ्या कुत्र्यांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि माझे मत स्पष्ट आहे: आपला कुत्रा वाईट स्वभावाचा नाही. त्याला पळणे गरजेपेक्षा जास्त मिळते आहे, विश्रांती फार कमी मिळते आहे आणि बहुधा त्याच्या खुब्यात दुखते आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कोणताही कामकरी कुत्रा आपण वर्णन केल्याप्रमाणेच वागू लागतो.

स्वभावाचा उगम समजून घेण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या पूर्वजांचे काम पाहावे लागते. दोन्ही जाती मेंढ्या राखणाऱ्याच, पण त्यांचे काम एकसारखे नव्हते. बॉर्डर कोली ही इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमाभागातली जात. १८९३ साली जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ या कुत्र्याला तिचा मूळपुरुष मानले जाते. डोंगरउतारावर दूरवर पांगलेला कळप वळसा घालून मेंढपाळाकडे आणायचा, तोही भुंकून किंवा चावून नव्हे, तर दबा धरून, नजर रोखून, हे या जातीचे काम. जर्मन शेफर्डची संघटना माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ मध्ये स्थापन केली. या जातीचे पूर्वज ज्या प्रदेशात राबत तिथे कुंपण नसलेल्या उभ्या पिकांच्या मधल्या पट्ट्यात शेकडो मेंढ्या चरत. कुत्र्याने त्या पट्ट्याच्या कडेने तासन्‌तास येरझाऱ्या घालायच्या, एकही मेंढी पिकात जाऊ द्यायची नाही, आणि जी ऐकत नाही तिला जखम न करता तोंडात धरून लगेच सोडायचे, असे ते काम होते. थोडक्यात, एका बाजूने हलत्या गोष्टीवर नजर खिळवण्याची आणि दुसऱ्या बाजूने हद्द राखण्याची व तोंडाने धरण्याची प्रवृत्ती आपल्या कुत्र्यात आलेली असू शकते. मुलांच्या टाचांपाशी जे घडते त्यात या दोन्हींचा संगम आहे: सुरुवात नजरेने होते आणि शेवट तोंडाने.

‘असू शकते’ हा शब्दप्रयोग मी जाणीवपूर्वक केला आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती एकत्र तपासली गेली. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्के भागच जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याची तयारी हा गुण त्यातल्या त्यात जातीशी अधिक बांधलेला दिसला. कुत्रा किती चटकन बिथरतो हे मात्र जातीवरून जवळजवळ सांगता आले नाही. म्हणून जातीच्या नावाकडे एक सूचना म्हणून पाहावे आणि निर्णय समोरच्या कुत्र्याकडे पाहून घ्यावा. एकाच विणीतली दोन पिल्ले या बाबतीत एकमेकांपासून फार वेगळी निघतात, आणि संकरात तर हे अधिकच खरे असते.

त्याचे वयही लक्षात घ्यावे. पौगंडावस्थेत कुत्रे मालकाचे कमी ऐकतात, हा केवळ मालकांचा समज नाही. २०२० मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांचे संकर असलेली, मार्गदर्शक कुत्री होण्यासाठी वाढवली जाणारी पिल्ले आठव्या महिन्याच्या आसपास आपल्या माणसाची आज्ञा पाचव्या महिन्यापेक्षा कमी पाळत होती. अनोळखी प्रशिक्षकाची मात्र पाळत होती. हा टप्पा ओसरतो. या काळात मालकाने हात उगारला किंवा आवाज चढवला तर तो लांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बॉर्डर कोलीची बाजू आवाजाला विशेष हळवी असते, आणि शेफर्डच्या बाजूने परक्यांविषयी साशंकता येते. धाकात ठेवलेला असा संकर दबत नाही, तो संशयी होतो.

आता चेंडूविषयी. रोज तासभर चेंडू फेकणे आजपासून थांबवावे, असा माझा आग्रह आहे. चेंडूमागे सुटलेला कुत्रा पूर्ण वेगात जाऊन मागच्या पायांवर एकदम थांबतो आणि जागीच वळतो. हीच हालचाल दररोज चाळीस-पन्नास वेळा घडली की वाढत्या सांध्यांवर अकारण ताण येतो. त्याहून मोठी हानी मनाची होते. एकच उत्तेजक हालचाल विश्रांतीशिवाय पुन्हा पुन्हा करत राहिल्याने त्याची उत्तेजना कमी होत नाही, ती साचत जाते, आणि घरी आल्यावर ती मुलांच्या पायांवर किंवा रस्त्यावरच्या सायकलींवर निघते. काही कोली पुढे सावल्यांचा, भिंतीवरच्या प्रकाशाच्या तिरिपेचा पाठलाग तासन्‌तास करू लागतात; शेफर्डांमध्ये स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरण्याची खोड दिसते. एकदा ही खोड जडली की सोडवणे अतिशय कठीण जाते आणि काहींना औषधे द्यावी लागतात. लेझरचा ठिपका दाखवून कुत्र्याला खेळवणे तर कधीही करू नये, कारण तो ठिपका कधीच हाती लागत नाही आणि शोध संपत नाही.

‘अजून दमला नाही, अजून पळवू’ हा मार्ग या कुत्र्यांच्या बाबतीत उलटा पडतो. रोज अधिक पळवल्याने त्याचा दम वाढतो आणि पुढच्या महिन्यात तेवढेच पळणे अपुरे पडू लागते. त्याला हवे आहे डोक्याचे काम, आणि त्यानंतर थांबण्याचे शिक्षण. प्रौढ कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपेत किंवा डुलकीत घालवतो, वाढत्या वयातल्या कुत्र्याला त्याहूनही जास्त झोप लागते. आपला कुत्रा दिवसभरात प्रत्यक्ष किती वेळ झोपतो, हे आठवडाभर लिहून पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक कुत्र्यांची झोप त्याच्या जवळपासही जात नाही, कारण घरात सतत काहीतरी हलत असते आणि जे हलते त्यावर लक्ष ठेवणे हे हा कुत्रा आपले काम समजतो. त्याची झोपण्याची जागा ये-जा नसलेल्या कोपऱ्यात, खिडकीपासून दूर असावी.

थांबायला शिकवण्याची पद्धत सोपी आहे, पण तिला धीर लागतो. जमिनीवर चटई टाकावी, शेजारी खुर्चीत बसावे, दोरी पायाखाली अशी धरावी की कुत्र्याला उभे राहता, बसता आणि आडवे होता येईल, पण निघून जाता येणार नाही. त्यानंतर काहीही आज्ञा देऊ नये. सुरुवातीला तो उभा राहील, ओढेल, कण्हेल. काही वेळाने बसेल, मग पुढचे पाय पसरून झोपेल, पण या स्थितीत त्याचे मागचे दोन्ही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात आणि तो निमिषात उठू शकतो. ही विश्रांती नव्हे. एक क्षण असा येतो की त्याचा पार्श्वभाग एका बाजूला कलंडतो, मागचे पाय एकाच बाजूला येतात, आणि थोड्या वेळाने हनुवटी जमिनीला टेकते. नेमक्या त्या वेळी, एक शब्दही न बोलता, त्याच्या पुढच्या पंजांच्या मध्ये खाण्याचा एक लहान तुकडा ठेवावा. पाच मिनिटांपासून सुरुवात करून हा वेळ हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्यावा. आधी शांत खोलीत, मग मुले दुसऱ्या खोलीत खेळत असताना, आणि बरेच नंतर मुले त्याच खोलीत असताना. हे करताना तो नेहमी एकाच कुशीवर कलंडतो का, तेही पाहावे. दुखऱ्या खुब्याचा कुत्रा बहुधा दुखरी बाजू खाली येऊ देत नाही.

डोक्याच्या कामासाठी नाकाचा उपयोग करावा. त्याच्या जेवणाचा काही भाग गवतात विखरून द्यावा, घरातली एखादी वस्तू लपवून शोधायला लावावी, दोरीवर ठेवून माग काढायला शिकवावे. वीस मिनिटे मन लावून हुंगण्याचे काम केलेला कुत्रा आपण होऊन आडवा होतो. एखाद्या अनुभवी मेंढपाळ-प्रशिक्षकाकडे त्याला मेंढ्यांवर नेण्याची संधी असेल तर उत्तमच, पण खुबे तपासून झाल्यावर. स्वतःच्या जबाबदारीवर त्याला कोणत्याही कळपावर सोडू नये. न शिकवलेला कुत्रा मेंढीला जखमी करतो, आणि घाबरलेली मेंढी स्वतःला जखमी करते.

मुलांच्या टाचांचा प्रश्न मात्र आजच हाताळावा लागेल. तोंड लावणे हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. पहिला दुवा त्याच्या आधी काही सेकंद दिसतो. त्याचे डोके खांद्याच्या रेषेपर्यंत खाली येते, तोंड मिटते, शेपटी खाली जाऊन स्थिर होते, आणि बरेचदा पुढचा एक पाय हवेत थांबतो. हे दिसताच त्याला नावाने हाक मारून आपल्याकडे वळवावे आणि वळल्याबद्दल भरघोस बक्षीस द्यावे. नजर खिळून धाव सुरू झाली की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, आणि तेव्हा ओरडल्याने तो अधिकच पेटतो. हे शिक्षण पक्के होईपर्यंत मुले धावत-खेळत असताना तो त्यांच्यात मोकळा असूच नये. मध्ये लहान फाटक असावे किंवा तो दोरीवर असावा. मुलांनाही शिकवावे की तो जवळ आला की पळायचे नाही, किंचाळायचे नाही, हात छातीशी घेऊन जागीच उभे राहायचे. मोठे माणूस लक्ष देत नसेल तेव्हा लहान मुले आणि हा कुत्रा यांना एकत्र ठेवू नये, तो कितीही प्रेमळ असला तरी. २७ किलोचा कुत्रा खेळाखेळात पाडूनही मुलाला मोठी इजा करू शकतो.

सायकलींच्या बाबतीत तत्त्व तेच आहे; फक्त अंतर जास्त लागते. सायकल दिसते, पण तो अजून खाऊ घेऊ शकतो, इतक्या लांब उभे राहून सुरुवात करावी, सायकलीवरून नजर काढून आपल्याकडे पाहिले की बक्षीस द्यावे, आणि अंतर आठवड्यागणिक कमी करावे. तोवर मोकळ्या जागेतही आठ-दहा मीटरची लांब दोरी अंगावरच्या पट्ट्याला लावलेली असावी, गळपट्ट्याला नव्हे. विजेचा झटका देणारा गळपट्टा वापरण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी नक्की देईल. कृपया तो मानू नये. कुत्रा त्या वेदनेचा संबंध आपल्या कृतीशी जोडतोच असे नाही. त्या क्षणी जे समोर असेल त्याच्याशी, म्हणजे सायकलस्वाराशी किंवा मुलाशी, जोडतो. पाठलाग करणाऱ्या कुत्र्याचे हल्ला करणाऱ्या कुत्र्यात रूपांतर होण्याचा तो एक हमखास मार्ग आहे.

आता खुब्याविषयी. पळताना मागचे पाय जोडीने उचलणे, उडीपूर्वी थबकणे, उठताना पुढच्या पायांवर भार देणे, मांड्यांचे स्नायू आटणे आणि त्या मानाने खांदे भरदार दिसणे ही खुब्याच्या सांध्याच्या विकृतीची नेहमीची लक्षणे आहेत. या विकृतीत मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत घट्ट बसत नाही. सैल सांधा घासला जातो आणि कालांतराने त्यात संधिवात होतो. जर्मन शेफर्डांत हा विकार फार आढळतो, आणि बॉर्डर कोलीही त्यापासून मुक्त नाहीत. या वयात दुसऱ्याही शक्यता असतात: शेफर्डांत ५ ते १८ महिन्यांच्या दरम्यान लांब हाडांना वेदनादायक सूज येऊन लंगडणे एका पायातून दुसऱ्या पायात जाते, कोलींमध्ये खांद्याच्या सांध्यातील कूर्चेचा तुकडा सुटतो. केवळ पाहून निदान करता येत नाही. कुत्र्याला गुंगी देऊन, स्नायू पूर्ण सैल असताना, खुब्यांचे एक्स-रे काढावे लागतात. हे काम पुढच्या काही दिवसांतच करावे, कारण खोबणीची दिशा सुधारणाऱ्या शस्त्रक्रिया सांध्यात झीज सुरू होण्यापूर्वीच उपयोगी पडतात आणि त्यासाठीचा काळ आपल्या कुत्र्याच्या बाबतीत संपत आला आहे. झीज झालेली आढळली तरी निराश होऊ नये. वजन, नियंत्रित व्यायाम, पोहणे, पशुवैद्याने दिलेली वेदनाशामके आणि गरज पडल्यास कृत्रिम सांधा, एवढ्या साधनांवर अशी अनेक कुत्री चांगले आयुष्य जगतात.

वेदनेचा स्वभावाशी किती जवळचा संबंध असतो, हे मालकांना अनेकदा खरे वाटत नाही. वर्तनतज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांत कोणती ना कोणती वेदना असते, असा अंदाज २०२० मध्ये लिंकन विद्यापीठातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या एका लेखात मांडला गेला. काही ठिकाणी तो याहून कितीतरी जास्त होता. ज्याला दुखते तो कुत्रा नीट झोपत नाही, अचानक अंगावर येणाऱ्या मुलाला आधीच अडवू पाहतो, आणि त्याची बिथरण्याची मर्यादा खाली येते. म्हणून एक्स-रे होईपर्यंत उड्या, जिने आणि धावणे बंद ठेवावे, दोरीवर पंधरा-वीस मिनिटे सपाट जमिनीवर दोन-तीनदा चालवावे. माणसांची वेदनाशामके मात्र एक गोळीही देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात, तर पॅरासिटामॉलने यकृत व रक्तपेशींना इजा होते.

सांध्यांसाठी आपल्या हातात असलेले सर्वांत प्रभावी औषध म्हणजे कुत्र्याला सडपातळ ठेवणे. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांची जन्मभर निरीक्षणे घेतलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रत्येक जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, दुसऱ्या गटाचे ११.२, खुब्याचा विकार आणि संधिवातही कमी खाणाऱ्यांत कमी आणि उशिरा दिसला. आपल्या कुत्र्याच्या बरगड्या हलक्या हाताने चाचपल्या असता सहज लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य आणखी काही महिने चालू ठेवावे, पण त्यावर कॅल्शियमची पूड किंवा गोळ्या देऊ नयेत. हाडे मजबूत व्हावीत म्हणून दिलेले जादा कॅल्शियम वाढत्या सांगाड्यात दोष निर्माण करते.

संकर असल्यामुळे तो आजारांपासून सुरक्षित आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक रुग्णालयात १९९५ ते २०१० या काळातील २७,२५४ रुग्णनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा २४ आनुवंशिक विकारांपैकी १० शुद्ध जातींत अधिक आढळले, १३ विकारांत फरक दिसला नाही, आणि एक, म्हणजे गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे, संकरांत अधिक आढळला. खुब्याची विकृती ही फरक न दिसलेल्यांत मोडते. यामागचे कारण सोपे आहे. बॉर्डर कोलींतील काही विकार, उदाहरणार्थ डोळ्याच्या मागच्या पटलाचा जन्मजात दोष किंवा पांढऱ्या पेशी रक्तात न उतरण्याचा विकार, होण्यासाठी सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावे लागते. शेफर्ड बापाकडे ते जवळपास नसतेच, त्यामुळे पहिल्या पिढीचा संकर या विकारांतून सुटतो. पण आईकडून आलेले जनुक तो पुढच्या पिढीला देऊ शकतो. जे विकार दोन्ही जातींत आहेत, तिथे संकराचा काहीच लाभ होत नाही. अपस्माराचेही तसेच आहे. झटके बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतात. एक झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, किंवा २४ तासांत एकापेक्षा अधिक आले, तर क्षणभरही वाट पाहू नये.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट एक्स-रेच्याही आधी करावी. मेंढ्या राखणाऱ्या अनेक जातींत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. या जनुकामुळे बनणारे प्रथिन काही औषधांना मेंदूत शिरू देत नाही. ते सदोष असले की नेहमीच्या मात्रेतील औषधही विषारी ठरते. रफ कोलींत हा दोष फार मोठ्या प्रमाणावर असतो, जर्मन शेफर्डांत सुमारे १० टक्क्यांत, बॉर्डर कोलींत ५ टक्क्यांहून कमी. गालाच्या आतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावरून ही चाचणी होते, आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. एकच सदोष प्रत असली तरी तिचा काहीसा परिणाम होतो. गुंगीसाठी वापरली जाणारी एसप्रोमॅझिन आणि ब्युटॉर्फॅनॉल ही औषधे अशा कुत्र्यांत कमी मात्रेत द्यावी लागतात, जुलाबावरचे लोपेरामाइड टाळावे लागते, आणि आयव्हरमेक्टिनबाबत तर विशेष जपावे लागते. हृदयातील जंतांच्या प्रतिबंधासाठी दर किलो वजनामागे ६ मायक्रोग्रॅम इतकी लहान मात्रा त्यांनाही चालते, पण खरजेसाठी दिली जाणारी ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा जीवघेणी ठरू शकते. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी: घोड्यांना किंवा मेंढ्यांना आयव्हरमेक्टिन पाजल्यानंतर ते त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडते, आणि कामकरी कुत्र्यांना ती विष्ठा खाण्याची सवय असते. बाहुल्या विस्फारणे, लाळ गळणे, तोल जाणे, अंगाला कंप सुटणे अशी लक्षणे दिसली तर त्याने काय खाल्ले असावे हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

शेफर्डच्या बाजूने येणाऱ्या दोन विकारांची लक्षणे ओळखून ठेवावीत. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत चालला आणि फिकट, ढिगाने शी करू लागला तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असावेत; रक्ताच्या एका चाचणीने निदान होते आणि जेवणात एन्झाइमची पूड मिसळून तो चांगला सुधारतो. दुसरा विकार काही तासांत प्राण घेतो. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पिळले जाते. कुत्रा अस्वस्थपणे फिरतो, वारंवार ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते आणि पोट ताणलेले दिसते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी तातडीने न्यावे. दिवसाचे खाणे एकाच वेळी न देता दोन-तीनदा विभागून द्यावे.

कोलीच्या बाजूने येणारी एक अवस्था मालकांना फार घाबरवते. पाच ते पंधरा मिनिटे जोरदार पळाल्यानंतर कुत्रा भ्रमिष्टासारखा दिसतो, डोलतो, मागचे पाय खरवडत चालतो आणि थांबवल्यास साधारण अर्ध्या तासात पूर्ववत होतो. तिच्यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध नाही; त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा, म्हणजे अपस्मार आणि ही अवस्था यांत फरक करता येतो. दिवस गरम असेल तर मात्र उष्माघातच समजावे: आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि मगच दवाखान्याकडे निघावे. दाट दुहेरी केस उन्हाळ्यात भादरून टाकू नयेत; आठवड्यातून दोनदा विंचरून आतली मेलेली लव काढणे पुरेसे होते. कामावरून आल्यावर पंजांच्या गाद्या, बोटांमधल्या फटी आणि कानांच्या मागची जागा हाताने चाचपून कुसळे व गोचिडी काढाव्यात. गोचिडीच्या गोळ्या देताना, त्याला कधी झटका आला असेल तर, डॉक्टरांना तसे आधी सांगावे, कारण आयसोक्साझोलिन गटातील गोळ्यांनी काही कुत्र्यांत झटके येतात. लसीकरणाचे वेळापत्रक डॉक्टरांनी आखून दिले असेलच. पहिल्या वर्षाअखेरची मात्रा चुकवू नये.

शेवटी निर्बीजीकरण. माझा सल्ला आहे की ते आता करू नये. डेव्हिस येथेच झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या जर्मन शेफर्ड नरांपैकी २१ टक्क्यांत सांध्यांचा एखादा विकार आढळला, न झालेल्यांत ७ टक्के. २०२० मध्ये संकरित कुत्र्यांवर प्रसिद्ध झालेल्या त्याच गटाच्या अभ्यासातही प्रौढपणी २० किलोंहून अधिक भरणाऱ्या कुत्र्यांत लवकर केलेल्या निर्बीजीकरणानंतर सांध्यांचे विकार वाढलेले दिसले. हाडांच्या टोकांवरील वाढीच्या चकत्या बंद होण्यासाठी लैंगिक संप्रेरके लागतात, ती लवकर काढून घेतली की हाडे गरजेपेक्षा जास्त लांबतात आणि सांध्यांची मोजमापे बिघडतात. शिवाय टाचांना तोंड लावणे आणि सायकलीमागे धावणे या गोष्टी संप्रेरकांमुळे होत नाहीत, त्यामुळे त्या शस्त्रक्रियेने थांबणारही नाहीत. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, वाढ पूर्ण झाल्यावर, शस्त्रक्रिया ठरवावी. तोवर त्याला पैदाशीसाठी वापरू नये, आणि खुबे सदोष निघाले तर कधीच नाही. नराच्या निर्बीजीकरणात पोट उघडावे लागत नाही. तरीही त्याच भुलीत वेगळा छेद घेऊन जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येते, ज्यामुळे पुढे ते पिळले जाण्याचा धोका बराच कमी होतो. त्याची छाती खोल असेल तर याविषयी शल्यचिकित्सकाशी आधीच बोलून ठेवावे, आणि एमडीआर-१ चाचणीचा अहवाल भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावा. त्याच वेळी खुब्यांचे एक्स-रे पुन्हा काढावेत, म्हणजे आताच्या चित्रांशी ताडून पाहता येईल की सांधा स्थिर आहे की बिघडतो आहे, आणि त्याला कोणते काम किती द्यायचे ते त्यावरून ठरवता येईल.